सोनारीचे मृत्यू कोणत्या वहीत?

परंडा तालुक्यातले सोनारी हे भैरवनाथाचे गाव. चैत्रात यात्रा भरते तेव्हा बार्शी, करमाळा, जामखेड, भूम अशा चारी दिशांनी माणसे येतात, आणि आज यापैकी कोणालाही वाटेत सीमा ओलांडल्याचे जाणवत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र ती होती. बार्शी आणि करमाळा सोलापूर जिल्ह्यात, जामखेड अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात, इंग्रजांच्या अमलाखाली. परंडा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १८५३ च्या तहाने धाराशिव-नळदुर्गचा हा मुलूख सात वर्षे इंग्रजांकडे गेला होता. कर्नल मेडोज टेलर याच काळात नळदुर्गला बसून कारभार पाहत होता. १८६० मध्ये मुलूख निजामाला परत मिळाला आणि सीमा पुन्हा पहिल्या जागी आली.

सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषा एक, देव एक, सोयरीक एक. पिकेही तीच आणि दुष्काळही तोच. फरक होता तो वहीत. बार्शी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात माणूस गेला, तर पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात मोडीत एक ओळ पडत असे: नाव, जात, वय, कारण. कारणाचे रकाने मोजके होते. पटकी, देवी, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा आणि उरलेले सगळे ‘इतर’. ही ओळ तालुक्याला जाई, तिथून जिल्ह्याला आणि शेवटी मुंबई-दिल्लीच्या आरोग्य अहवालात एका बेरजेत विरघळून जाई. सीमेपलीकडच्या परंड्यात तसाच माणूस तशाच तापाने गेला, तर त्याचा माग लागणे कठीण. संस्थानातली जन्ममृत्यूची नोंद तोकडी होती, आणि हिंदुस्थान सरकारच्या आरोग्य खात्याचे वार्षिक आकडे मुळात ब्रिटिश हिंदुस्थानचेच असत.

म्हणून १९१८ साली मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत परंड्याकडची किती माणसे गेली, हा प्रश्न विचारला की उत्तर मृत्यूच्या वहीत सापडत नाही. ते दुसरीकडून शोधावे लागते.

साथीत किती माणसे दगावली हे सांगण्याच्या दोन रीती आहेत. एक सरळ: त्या रोगाने मेलेले मोजायचे. यासाठी रोग ओळखणारा डॉक्टर हवा, खरे सांगणारे नातेवाईक हवेत आणि लिहिणारा कारकून शाबूत हवा. दुसरी रीत वळणाची आहे. एरवी या दिवसांत किती माणसे मरतात ते आधीच्या काही वर्षांवरून काढायचे, यंदा किती मेली ते पाहायचे आणि वजाबाकी करायची. उरतात ते जास्तीचे मृत्यू. रोगाचे नाव काय, कोणी लपवले, कोणी चुकीचे लिहिले, याने या वजाबाकीला बाध येत नाही. माणूस मेला एवढे वहीत आले की पुरे. लंडनमध्ये विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाने १८४७ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा असाच हिशेब मांडला. त्याला दिसले की इन्फ्लुएन्झाच्या नावावर नोंदलेले मृत्यू थोडे होते. खरी वाढ दमा, न्यूमोनिया, म्हातारपण अशा इतर नावांखाली दडली होती.

मुंबईला ही रीत पन्नास वर्षांनी प्लेगने शिकवली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. शहराची वस्ती तेव्हा सव्वाआठ लाखांच्या आसपास. निदान जाहीर झाल्यावर लोकांनी आजार लपवायला सुरुवात केली, आणि त्यांना दोष देता येत नाही. प्लेग म्हणून नोंद झाली की घरातला माणूस इस्पितळात नेला जाई, घर रिकामे करून धुतले जाई, सामान जाळले जाई, बायकांच्या अंगाला परके हात लागत. मग प्लेगचा मृत्यू ‘ताप’ म्हणून सांगितला जाई, कधी ‘छातीचा विकार’ म्हणून. पण प्रेत लपवणे सोपे नव्हते. सोनापूरच्या स्मशानात किंवा दफनभूमीत ते न्यावेच लागे आणि तिथे म्युनिसिपालटीची नोंद होई. या शहराला आठवड्याच्या आठवड्याला मृत्यूंचा तक्ता काढण्याची सवय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होती. आरोग्याधिकारी डॉ. वेअर यांच्या खात्याने आणि पुढे जनरल गॅटेकरच्या प्लेग कमिटीने हे तक्ते आधीच्या वर्षांच्या सरासरीशी लावून पाहिले, तेव्हा लपवलेला प्लेग कागदावर उघडा पडला. प्लेग म्हणून नोंदलेले मृत्यू एकीकडे, आणि नेहमीपेक्षा वाढलेले सगळे मृत्यू दुसरीकडे. दुसरा आकडा कितीतरी मोठा. ऐन भरात शहरात आठवड्याला सुमारे १९०० माणसे मरत होती. निम्म्याच्या जवळपास, पावणेचार लाखांवर लोक शहर सोडून गेले होते, हेही इथे ध्यानात घ्यायला हवे. उरलेल्या अर्ध्या शहरात इतके मृत्यू होत होते.

प्लेगच्या त्या तक्त्यांमुळे सरकारला खरी परिस्थिती कळली, पण या माहितीचा उपयोग सक्ती वाढवण्याकडे झाला. पुण्यात रँडच्या कारभाराने काय केले आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले, ते मराठी वाचकाला सांगायला नको. मोजणी आणि माया या दोन गोष्टी तेव्हा एका खात्यात नांदत नव्हत्या.

प्लेग मात्र हटला नाही. तो रेल्वेने, धान्याच्या पोत्यांतून आणि उंदरांबरोबर देशावर पसरला आणि दरवर्षी थंडीत परतत राहिला. उंदीर पडला की गाव उठून माळावर पालांत राहायला जाई. ही आठवण सोलापूर-धाराशिव भागातल्या जुन्या घराण्यांत अजून सांगितली जाते. याचा एक परिणाम आकड्यांवर झाला आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. वजाबाकी करायची तर ‘नेहमीचे’ मृत्यू ठरवावे लागतात. १८९९-१९०० चा दुष्काळ, मागून पटकी, मग वर्षानुवर्षे प्लेग आणि हिवताप, अशा काळात नेहमीचे म्हणजे काय? हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान तेव्हा विशीच्या आसपास होते. पाच वर्षांची सरासरी काढली तरी तीत एखादी साथ आलेलीच असे. ज्या वर्षांना सरकारी अहवाल साधारण म्हणत, ती वर्षेही मृत्यूंनी भरलेली होती, आणि त्यांच्यावर जो ‘जास्तीचा’ आकडा निघे तो त्या मानाने कमीच निघे.

आणि मग १९१८.

त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. तारीख १० जून. आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी साथीची सुरुवात इथून धरली. पहिली लाट पावसाळ्यात ओसरली. दुसरी सप्टेंबरात आली आणि तिने माणसांची दाणादाण उडवली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. लोकांनी तिला मानमोडी म्हटले. ही साथ म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या कर्त्या माणसांना उचलून नेत होती, आणि त्यातही बायकांना अधिक. आजाऱ्यांची उस्तवार करणाऱ्या त्याच होत्या आणि ताटात सगळ्यात शेवटी बसणाऱ्याही त्याच.

त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. खरीप बुडाले, ज्वारी महागली, महायुद्धामुळे कापडही महाग. अर्धपोटी आणि अर्ध्या कपड्यांत असलेल्या गावांवर थंडीच्या तोंडावर हा ताप आला. रेल्वेच्या वाटेने तो देशभर पसरला हे तेव्हाच्या आरोग्य अहवालांनीच लिहून ठेवले आहे. सोलापूर आणि कुर्डुवाडीवरून मुंबई-मद्रास लोहमार्ग जात होता, आणि कुर्डुवाडीहून बार्शी लाइटची छोटी गाडी बार्शी, येडशी करत १९११ पासून थेट लातूरपर्यंत, म्हणजे निजामाच्या मुलखात खोलवर पोहोचत होती. तिकीट काढणाऱ्याला कोणी सीमेवर थांबवत नसे. तापाला तर नाहीच.

मुंबई शहराची मोजणी शाबूत होती म्हणून एक जळजळीत तक्ता आपल्या हाती आला आहे. मानमोडीत दर हजारी किती मेले, याचा जातवार हिशेब टर्नर यांच्या खात्याने काढला. युरोपीय ८.३. पारशी ९. सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि ज्यांना खालच्या जातीचे म्हणून नोंदले त्या हिंदूंमध्ये ६१.६. एकच शहर, एकच विषाणू. चाळीतली खोली किती माणसांची, पाणी कुठून येते, आजारात कामावर न जाता खायला मिळते की नाही, यावर जीव जगत-मरत होते, आणि हे सगळे त्या पाच आकड्यांत उतरले आहे. ज्यांनी हा तक्ता मांडला त्यांनी त्यातून निघणारे सगळे निष्कर्ष काढले असे म्हणता येत नाही. पण त्यांनी तो मांडला. खेड्यांतल्या अशाच वस्त्यांचा असा तक्ता कोणी मांडला नाही.

खेड्यात मोजणीच कोलमडली होती. कुलकर्णी आजारी, पाटील आजारी, तराळ मेलेला. मग कोणाच्या घरात काय झाले ते लिहिणार कोण? तरीही ब्रिटिश हिंदुस्थानात १९१७ मध्ये दर हजारी ३३ च्या आत असलेला नोंदलेला मृत्यूदर १९१८ मध्ये ६२ वर गेला. वऱ्हाड-मध्यप्रांतात मानमोडीने दर हजारी पन्नासहून अधिक, तर मुंबई इलाख्यात चाळीसहून अधिक माणसे नेली. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी साथ पुरती विझण्याआधीच वजाबाकी करून अंदाज दिला: ब्रिटिश हिंदुस्थानात ५० लाख, संस्थाने धरून ६० लाख. संस्थानांच्या वाट्याचे ते दहा लाख हा जवळजवळ हवेतला आकडा होता. परंडा, भूम, तुळजापूर, नळदुर्ग सगळे त्या एका गोळाबेरजेत.

खरा हिशेब १९२१ च्या शिरगणतीने पुढे आणला. शिरगणती मेलेल्यांना विचारत नाही. ती उरलेल्यांना मोजते, आणि गेलेले आपोआप दिसतात. १९११ मध्ये हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ३३ लाख ७४ हजारांवर होती. १९२१ मध्ये ती १ कोटी २४ लाख ७१ हजार भरली. दहा वर्षांत नऊ लाख माणसे कमी. या दशकात जन्म थांबले नव्हते हे लक्षात घेतले, तर गेलेल्यांची संख्या या तुटीपेक्षा बरीच मोठी असली पाहिजे. काही लोक दुष्काळात पोट भरायला संस्थानाबाहेर गेले, हेही खरे. पण गिरण्यांच्या सोलापुरात आणि मुंबईत माणसे जात होती ती आधीच्या दशकांतही. आजच्या महाराष्ट्राच्या सीमा धरल्या तर त्याच दशकात लोकसंख्या सुमारे तीन टक्क्यांनी घटली. आजच्या भारताच्या सीमा धरल्या तरी देशाची लोकसंख्या कमी झालेले शिरगणतीच्या इतिहासातले हे एकच दशक.

शिरगणतीचे आयुक्त मार्टेन यांनी नोंदीतल्या त्रुटी आणि संस्थानांचा अंदाज धरून मानमोडीचे बळी १ कोटी २० ते ३० लाखांवर नेले. व्हाइट यांच्या दुप्पट. १९८६ मध्ये आय. डी. मिल्स या अभ्यासकाने वेगळ्या पद्धतीने हिशेब करून १ कोटी ७० ते ८० लाख हा आकडा दिला. २०१२ मध्ये चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १ कोटी ४० लाखांच्या आसपास आणला. वाद अजून मिटलेला नाही. परंतु यांपैकी कोणताही आकडा घेतला तरी जगात या साथीने सर्वाधिक माणसे हिंदुस्थानात नेली हे ठरते. आणि तरीही मराठी साहित्यात, पाठ्यपुस्तकांत, गावच्या चौकातल्या स्मारकांत मानमोडी जवळजवळ नाही. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या नावांच्या पाट्या आपल्या अनेक गावांत आहेत. १९१८ मध्ये त्याच गावात त्यांच्या कितीतरी पट बायका-पोरे गेली. त्यांची नावे दगडावर नाहीत, आणि सीमेच्या निजामी बाजूला तर कागदावरही नाहीत.

या कागदांचा फरक किती खोल गेला ते अलीकडे एका वेगळ्याच कारणाने दिसले. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा तपासायच्या कागदांच्या यादीत गाव नमुना १४, म्हणजे जुने जन्म-मृत्यू रजिस्टर, होते. मराठवाड्यासाठी मात्र निजामकालीन कागद हैदराबादेत जाऊन शोधण्याची वेळ आली. शंभर वर्षांपूर्वी जो लिहिला गेला नाही, तो आजही त्याच्या वारसांना सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर सीमा गेली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद देशभर सक्तीची झाली. खेड्यात ग्रामसेवक निबंधक, मुदत २१ दिवस. त्याच सुमारास निवडक गावांत आणि शहरी वस्त्यांत सतत माहिती घेणारी नमुना नोंदणी पद्धत सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळात तिचा उपयोग झाला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे खडी फोडत होती. मराठवाड्यातले तलाव, रस्ते, बांध यांतले कित्येक तेव्हाचे. जाँ द्रेझ, टिम डायसन, अरूप महारत्न यांसारख्या अभ्यासकांनी मृत्यूदर तपासले. दर वाढला होता, पण आधीच्या शतकातल्या दुष्काळांसारखा संहार झाला नव्हता. सुकडी आणि दुष्काळी कामे यांनी जीव वाचवले, हे छातीठोक सांगता आले ते या मोजणीमुळे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप परंड्याच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा भागाने आणि शेजारच्या औसा-किल्लारीने भोगला. सरकारी मोजणीत आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. तिथे वजाबाकीची गरज नव्हती. दगडमातीखालून काढलेले प्रत्येक प्रेत डोळ्यांसमोर होते. साथ अशी दिसत नाही. ती घरोघर, वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या नावांनी मारते.

२०२० च्या मार्चपासून हे पुन्हा सिद्ध झाले. युरोपात कोपनहेगनहून चालणारा युरोमोमो हा प्रकल्प २००८ पासून अनेक देशांचे मृत्यू आठवड्याच्या आठवड्याला तपासत होता. त्याच्या आलेखांत इटली, स्पेन, इंग्लंडच्या रेषा अचानक उभ्या चढलेल्या जगाने पाहिल्या. जेरुसलेमचे एरियल कार्लिन्स्की आणि ट्यूबिंगनचे दिमित्री कोबाक या दोघांनी शंभरावर देशांचे एकूण मृत्यूंचे आकडे गोळा करून २०२१ मध्ये खुले केले. त्यातून कळले की काही देशांचा कोविडचा सरकारी आकडा आणि जास्तीचे मृत्यू जवळपास जुळतात, तर काही देशांत दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट आहे.

महाराष्ट्रातही ताळमेळ लागत नव्हता. १६ जून २०२० रोजी राज्याने आधी न मोजलेले १,३२८ कोविड मृत्यू एकदम यादीत घेतले, त्यांतले ८६२ मुंबईचे. मुंबईत २०१९ मध्ये सर्व कारणांनी सुमारे ९१ हजार मृत्यू नोंदले होते, ते २०२० मध्ये १ लाख ११ हजारांवर गेले; त्या वर्षातले शहराचे कोविड मृत्यू मात्र सुमारे ११ हजार. फरकातले उरलेले कोण? काही कोविडचेच, तपासणी न झालेले. काही डायलिसिस, बाळंतपण, हृदयविकार यांसाठी वेळेवर इस्पितळ न मिळालेले. वजाबाकी त्यांना वेगळे करू शकत नाही, पण त्या सगळ्यांना साथीचे बळी मानते, आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, स्मशानभूमीत जागा अपुरी पडल्याच्या बातम्या आल्या. परंड्याकडच्या आजाऱ्याला जवळचे मोठे इस्पितळ म्हणजे बार्शी किंवा सोलापूर. कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. म्हणजे सोनारीचा एखादा माणूस बार्शीत गेला, तर त्याचा मृत्यू आजही सोलापूर जिल्ह्याच्या रजिस्टरमध्ये. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणाऱ्याने राहत्या पत्त्याचा रकाना वाचला नाही, तर धाराशिवचे नुकसान पुन्हा कमी दिसेल.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविड मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले, तेव्हा राज्यात नोंदलेले कोविड मृत्यू १ लाख ४१ हजारांच्या घरात होते आणि जानेवारी २०२२ पर्यंत अर्ज आले दोन लाखांवर. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांत भारतात ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार होता. केंद्र सरकारने गणिती प्रारूपाला हरकत घेतली. ती हरकत पूर्णपणे निराधार नव्हती: प्रारूप लागते ते मूळ नोंदी पुढे नसतात तिथेच. पण नोंदी सरकारकडेच होत्या. २०२१ चा नागरी नोंदणी अहवाल प्रसिद्ध झाला तो मे २०२५ मध्ये. त्यात २०२० चे ८१ लाख मृत्यू २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांवर गेलेले दिसतात, एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ. त्या वर्षाचे सरकारी कोविड मृत्यू ३ लाख ३० हजारांच्या आसपास. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे आहे. मात्र नमुना नोंदणीतही मृत्यूदर दर हजारी ६ वरून ७.५ वर गेला, आणि तिथे हे कारण तितकेसे चालत नाही.

देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २०२० मध्ये केवळ २२.५ टक्क्यांना डॉक्टरने कारण लिहून दिले होते. उरलेल्या माणसांचे काय झाले हे सांगणारे एकच साधन हाती राहते, एकूण मृत्यूंचा आकडा, आणि तो चार वर्षांनी आला तर पुढची लाट रोखायला त्याचा उपयोग नाही. १९६९ च्या कायद्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नोंदणी ऑनलाइन आणि राष्ट्रीय पातळीवर जोडलेली केली आहे. ग्रामपंचायतीत आज भरलेली ओळ आता त्याच दिवशी दिल्लीत दिसू शकते. प्लेगच्या मुंबईने घोडागाडी आणि हातलिखाणाच्या जोरावर आठवड्याचा तक्ता काढला होता. तालुकावार, राहत्या पत्त्यानुसार आणि महिन्याच्या महिन्याला असा तक्ता लोकांसमोर ठेवायला आता तंत्राची अडचण उरलेली नाही. तो ठेवायचा की नाही, हा निर्णय राज्याच्या आणि केंद्राच्या निबंधकांनी घ्यायचा आहे.